पाषाण लागेपर्यंत

मड लॉगरचं काम एका वाक्यात सांगता येतं. तेलाची विहीर खोदली जात असताना जमिनीच्या पोटातून जे कटिंग, म्हणजे खडकाचे तुकडे, वर येतं ते पकडायचं, धुवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि बिट, म्हणजे खोदणारं टोक, आत्ता कोणत्या खडकात आहे ते लिहून ठेवायचं. रिग चोवीस तास चालते, म्हणून हे कामही चोवीस तास चालतं. बारा तास एकाचे, बारा तास दुसऱ्याचे. बडोद्यात बिऱ्हाड ठेवून मी हे काम खंभातच्या खोऱ्यात केलं. पादरा, जंबुसर, गंधार, अंकलेश्वर, कधी वरच्या अंगाला मेहसाण्यापर्यंत.

नवीन लागलेला मुलगा पहिल्यांदा साइटवर यायला निघतो तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतो. गाडी बडोदं सोडून पादऱ्याच्या रस्त्याला लागलेली असते. दोन्हीकडे कपाशी, तूर, भाजीचे मळे. नजर पोचेल तिथवर एक टेकाड नाही, एक उतार नाही. कॉलेजात तो ‘खंभातचं खोरं’ शिकून आलेला असतो. तो इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, “सर, खोरं कुठंय?” मी पायाखाली बोट दाखवतो.

त्याची काही चूक नसते. शाळेत आपल्याला पठार टेबलासारखं आणि खोरं वाटीसारखं असं शिकवलेलं असतं. ‘फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न यायचा आणि तेवढ्यावर गुण मिळायचे. प्रत्यक्षात मात्र पठारावर उभं राहा नाहीतर खंभातच्या खोऱ्यात, पायाखालची जमीन सपाटच दिसते. मी दोन्ही ठिकाणी राहिलो आहे, म्हणून हे खात्रीनं सांगतो.

मी मूळचा संगमनेर तालुक्यातला. घारगाव, बोटा या बाजूला आमच्याकडे पठारभागच म्हणतात. सरकारी कागदावर दुष्काळी, आणि माणसं पुण्या-मुंबईला हमाली, दूधधंदा, नोकरी करणारी. आमच्याकडे जमिनीचं पहिलं ज्ञान विहिरीतून होतं. वर हातभर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि मग काळा पाषाण. पाषाण लागला की सुरुंगाचा खर्च सुरू. पुढे बोअरच्या गाड्या आल्या. गाडीमागून करडी धूळ उडत राहिली की घरातल्या बायका तोंडाला पदर लावून आत जायच्या, आणि धूळ ओलसर होऊन चिखल पडायला लागला की सगळं घर बाहेर. मधेच गेरूचा तांबडा थर लागायचा. तो लागला की वडील, म्हणजे आमचे नाना, म्हणायचे, “आता दम धरा.” दोन लाव्हांच्या मधे जो काळ गेला, त्यात वरचा खडक कुजून त्याचा गेरू झालेला असतो, हे मला पुण्यात फर्ग्युसनला भूशास्त्र शिकताना कळलं. गेरूच्या आसपास कधी पाणी लागतं, हे नानांना त्याआधीच ठाऊक होतं.

नाना एकदा बडोद्याला आले होते. मी त्यांना पादऱ्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यात नेलं. बोअर चालू होता, पाण्याची धार मनगटाएवढी. नानांनी पहिला प्रश्न विचारला तो पिकाचा नाही. “पाषाण कितीवर लागला?” मी गुजरातीत विचारलं. तो माणूस हसला. “अमारे त्यां पथ्थर नथी, काका.” वाळू, चिकणमाती, पुन्हा वाळू, एवढंच. नानांना ते पटेना. बांधावरून चालत ते सगळं शेत फिरून आले आणि म्हणाले, “खरंच की. इथं गोफणीला दगड मिळायचा नाही.”

पठार आणि खोरं यांतला फरक इतक्या थोडक्यात सांगणारं वाक्य मी नंतर कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. पठारावर दगड हा शेताचा शत्रू आणि घराचा आधार. बांध दगडाचे, भिंती दगडाच्या, विहिरीला आतून बांधायची गरज नाही कारण ती दगडातच खोदलेली. इथे घरं विटांची, विहिरीला विटांचं नाहीतर सिमेंटच्या कड्यांचं अस्तर, आणि गावाबाहेर वीटभट्ट्या. आमच्याकडे पाणी खडकाच्या भेगांत आणि कुजलेल्या थरांत अडकून बसतं. भेग सापडली तर पाणी, नाहीतर पैसे गेले. इथे ते वाळूच्या कणाकणांमधे भरलेलं असतं. म्हणून इथला शेतकरी किती फुटांवर पाणी आहे एवढंच विचारतो, आणि आमचा माणूस आधी पाणी आहे का हे विचारतो.

पण गंमत पुढे आहे. त्या मळ्याखाली पाषाण नाही, हे खरं नव्हे. तो आहे. नानांच्या विहिरीत होता तोच आहे. फक्त खूप खाली आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारतात जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला. एकावर एक थर साचत गेले. आजही या खडकानं जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर भाग व्यापला आहे, आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यातच येतो. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीपासून विदर्भापर्यंत हाच काळा पाषाण. याच सुमाराला आणि नंतरही आजच्या गुजरातेत भूकवच ताणलं गेलं, उत्तर-दक्षिण दिशेनं तडे गेले आणि दोन तड्यांमधला लांबच लांब पट्टा खचला. त्या पट्ट्यावर लाव्हाचे थर होते, तेही त्याच्याबरोबर खाली गेले. खचलेल्या जागेत माल भरत गेला. आधी आजूबाजूच्या उंच पाषाणाचा भुगा, मग समुद्र आत शिरला तेव्हाचा काळा चिखल, मग नद्यांनी आणलेली वाळू, पुन्हा चिखल, आणि सगळ्यात वर मही, साबरमती, नर्मदा यांचा गाळ. जमीन खचत राहिली आणि भरतही राहिली. हे खंभातचं खोरं, साधारण ५३,५०० चौरस किलोमीटरचं. जंबुसर-भरुचच्या बाजूला काही ठिकाणी पाषाण पाच किलोमीटरहूनही खोल आहे असा हिशेब निघतो.

म्हणजे दोन्हीकडची सपाटी वेगवेगळ्या कारणांनी आलेली. आमचं पठार सपाट आहे, कारण लाव्हा पातळ होता, पसरताना त्यानं पातळी धरली, आणि नंतर कोट्यवधी वर्षं झीज सोसूनही काही टणक थर टिकून राहिले. इथली जमीन सपाट आहे, कारण जेवढं खचलं तेवढं भरलं. पठारावर जे उरलं त्यावर आपण उभे असतो. खोऱ्यात जे येऊन पडलं त्यावर.

उंचीवरून फरक करायला गेलं तर फसगत होते. बडोदं समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरच्या आसपास आणि आमचं पठार सहाशेच्या वर, इथवर ठीक. पण तिबेटच्या पठाराच्या उत्तर अंगाला चायदाम नावाचं खोरं आहे, आणि त्याचा तळच कळसूबाईच्या माथ्याहून हजार मीटरनं उंच आहे. चहूबाजूंचे डोंगर त्याहून उंच असल्यामुळे तिथेही गाळ येऊन साचतो, मीठ साचतं, तेलही सापडतं. खोरं ठरतं ते शेजाऱ्यांच्या उंचीवरून.

रिगवर यातली काहीच भाषा चालत नाही. तिथे पाषाणाला ‘ट्रॅप’ म्हणतात आणि सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते: ट्रॅप आला का? कारण बऱ्याच विहिरी ट्रॅपमधे थोडं शिरून थांबवतात. त्याच्या वरच्या गाळात तेल असायचं तर असेल. वरचा काळा चिखल दडपला गेला, तापला, आणि त्यातल्या जैव पदार्थाचं तेल झालं. ते वाळूत सरकलं. खंभातजवळ लुणेजला १९५८ मध्ये आणि अंकलेश्वरला १९६० मध्ये ते सापडलं. अंकलेश्वरच्या पहिल्या विहिरीला पंडित नेहरूंनी ‘वसुधारा’ नाव दिलं. बडोद्याजवळची कोयलीची रिफायनरी, मकरपुऱ्यातली ओएनजीसीची कचेरी, शहराच्या कडेचे कारखाने, आणि माझ्यासारख्यांची रोजीरोटी, सगळं त्या गाळातून निघालेलं.

जंबुसरकडच्या एका विहिरीवरची रात्र सांगतो, म्हणजे कामाची कल्पना येईल. आमचं युनिट म्हणजे एक लोखंडी केबिन. आत सूक्ष्मदर्शक, अतिनील दिव्याची काळी पेटी, गॅस मोजणारं यंत्र, अ‍ॅसिडची बाटली, नमुन्यांच्या कापडी पिशव्या. बाहेर शेल शेकर, म्हणजे थरथरणाऱ्या जाळ्या. विहिरीतून येणारा मड, म्हणजे खोदताना आत फिरवलेला चिखल, त्यांवर पडतो, मड खाली जातो आणि कटिंग जाळीवरून घसरत पुढे येतं. तळाशी कापलेला तुकडा वर यायला खोलीप्रमाणे वेळ लागतो, कधी अर्धा तास, कधी त्याहून पुष्कळ जास्त. म्हणजे समोर जे दिसतं ते आत्ताचं नसतं. बिट पुढे गेलेलं असतं आणि आपण मागचं वाचत असतो.

पहाटेच्या सुमाराला बिटचा वेग पडला. आधी मीटरला आठ-दहा मिनिटं लागत होती, ती पंचवीसवर गेली. ड्रिलर खेड्याकडचा जुना माणूस, ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवून ज्याला खालचं कळतं अशांपैकी. त्यानं माणूस पाठवला. “साहेब, पथ्थर आवी गयो.” पाठोपाठ फोन. ट्रॅप आला का? मी म्हटलं, तासभर थांबा.

त्या खोलीचं कटिंग शेकरवर आलं. चाळणीत धरून धुतलं, ट्रेमधे पसरलं, सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. हिरवट करडे, बारीक स्फटिकांचे तुकडे होते. दोन-तीन तुकड्यांत झिओलाइटचे पांढरे ठिपके. पहिल्या नजरेला पाषाणच. पण त्याच ट्रेमधे चॉकलेटी मातीच्या गोळ्या होत्या, जांभळट कुजका तुकडा होता, एक तुकडा जवळजवळ काळा. आणि काहींच्या कडा मोडलेल्या नव्हत्या, घासलेल्या होत्या. बिटनं तोडलेल्या तुकड्याची कड धारदार असते. पाण्यानं वाहून आणलेल्या गोट्याचा तुकडा पडला, तरी त्याची जुनी बाजू गोलच राहते.

हा ट्रॅप नव्हता. ट्रॅपचा गाळ होता. इथल्या भूशास्त्रात त्याला ओलपाड म्हणतात; सुरत जिल्ह्यातल्या ओलपाडवरून ठेवलेलं नाव. पट्टा खचायला लागला तेव्हा काठावरच्या उंच पाषाणाचे तुकडे, गोटे, भुगा, कुजून झालेली तांबडी माती, सगळं आधी खाली घरंगळलं, आणि तो या खोऱ्यातला पहिला थर झाला. रंग तोच, खनिजं तीच. बिटलाही तो मधेमधे पाषाणासारखाच टणक लागतो. वेगाच्या आलेखात मात्र फरक असतो. गाळात वेग चढतो-पडतो, कारण एक मीटर गोट्याचा आणि दुसरा मातीचा. खऱ्या पाषाणात तो पडतो आणि पडलेलाच राहतो. ट्रेमधेही मग एकच माल येतो, मीटरमागून मीटर.

मी फोनवर तेवढंच सांगितलं: अजून पाषाण नाही, पाषाणातून आलेला माल आहे. पलीकडून कंटाळलेला आवाज आला. पुढे शंभरावर मीटर तसंच चाललं, आणि मग एका पाळीत ट्रे एकरंगी झाली. ड्रिलर स्वतः युनिटमधे आला, वाकून सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि म्हणाला, “आ असली छे.” हा खरा.

हे काम करताना माझ्या डोक्यात पठार आणि खोरं यांचा फरक पक्का झाला. जिथला खडक जागेवरून जातो ते पठार; जिथे दुसरीकडचा येऊन राहतो ते खोरं. आकार नंतर येतो.

वाचायची रीतही त्यामुळे उलटी. पठार बाजूनं वाचायचं असतं. सह्याद्रीच्या कड्यासमोर उभं राहिलं की थर उघडे पडलेले दिसतात, कारण पाण्यानं ते कापून ठेवलेले असतात. जितकी झीज, तितकं जास्त वाचता येतं. खोरं वरून वाचावं लागतं, आणि तेही चिमूटभर कटिंगवरून, कारण तिथे प्रत्येक नवा थर जुन्याला झाकत गेलेला असतो. पठारावर काही नाहीसं झालं ते कायमचं गेलं. खोऱ्यात बहुतेक सगळं असतं, पण दिसत नाही.

एक गोष्ट मात्र पठारावरही बोअर घेतल्याशिवाय कळत नाही: पाषाण किती जाड आहे. आमच्याकडे लातूरचा एक मुलगा शिकाऊ म्हणून होता. त्यानं विचारलं, आमच्याकडे ट्रॅप किती? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतलं होतं. पाषाण निघाला ३३८ मीटर. त्याखाली थोडा जुना गाळ आणि मग अतिप्राचीन खडक. कोयनेजवळच्या बोअरमधे हाच पाषाण एक किलोमीटरच्या आसपास जाड आहे. लातूरच्या मुलाला हे ऐकून जरा धक्काच बसला. लहानपणापासून पायाखाली तळच नाही असं वाटायला लावणारा तो खडक, आणि त्याची जाडी आमच्या एका साध्या विहिरीच्या खोलीच्या चौथाईसुद्धा नाही.

नवीन मुलांना मी पावागढला नेतो. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर. स्वच्छ हवा असेल तर शहरातल्या गच्चीवरूनही तो दिसतो. उंची आठशे मीटरच्या आसपास. बहुतेकांसाठी तो महाकालीचा डोंगर. २००४ पासून चांपानेर-पावागढ युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. आमच्यासाठी तो पठाराचा सुटा पडलेला तुकडा. आजूबाजूचा पाषाण झिजून गेला किंवा खचला आणि हा तेवढा उरला. खालच्या भागात एकावर एक रचलेले काळे थर, सह्याद्रीत दिसतात तसेच. अगदी वर मात्र रंग बदलतो. तिथे सिलिका जास्त असलेला फिकट खडक आहे, आणि तो टणक असल्यामुळेच खालचं सगळं टिकलं असावं असं मला वाटतं.

माचीला गाड्या थांबतात. तिथे ताक पिऊन झालं की मी त्यांना पश्चिमेकडे तोंड करून उभं करतो. समोर आजव्याच्या तलावाचं पाणी चमकत असतं, त्यापलीकडे धुरकट बडोदं, आणि त्यापलीकडे सपाटीच सपाटी. मी सांगतो, पाठीमागे जो खडक आहे तोच समोर आहे. आपल्याकडून पश्चिमेला जाताना तो टप्प्याटप्प्यानं खाली उतरत गेलाय. पादऱ्यापाशी तो काहीशे मीटरवर भेटतो, इतका जवळ की तिथल्या काही विहिरींत तेल गाळातून नाही, पाषाणाच्या भेगांतूनच मिळतं. जंबुसरला तो किलोमीटरांत मोजावा लागतो. एवढं सांगितलं की मुलं थोडा वेळ मागे-पुढे बघत राहतात आणि मग फोटो काढायला लागतात.

आजव्याचा तलाव सयाजीरावांच्या काळातला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शहराला पाणी देण्यासाठी बांधलेला. महाराजही मूळचे पठारावरचे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून १८७५ मध्ये दत्तक म्हणून आलेले. तलाव शहराच्या पूर्वेला चढावर घेतला, म्हणजे पाणी आपल्या पायानं शहरात उतरावं. तोच उतार पावसाळ्यात उलट अंगावर येतो. विश्वामित्री पावागढच्या डोंगरातून निघते, वर तिला उतार आहे, आणि बडोद्यात येईपर्यंत तो जवळजवळ संपतो. वाहता येत नाही म्हणून ती वळणं घेते. ऑगस्ट २०२४ मध्ये वर जोराचा पाऊस झाला, आजवा भरला आणि शहराचे कितीतरी भाग पाण्याखाली गेले. नदीतल्या मगरी वस्त्यांत आल्या, हे देशभरच्या वाहिन्यांनी दाखवलं. नदीच्या काठावर आणि घळींमधे झालेली बांधकामं हा त्यातला माणसाचा भाग आहे, आणि तो मोठा आहे. पण पाणी ओसरल्यावर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधे बोटभर गाळ राहिला होता, तो फावड्यानं ओढताना शेजारच्या काकू वैतागून म्हणाल्या, “ही माती आली कुठून एवढी?” मी पूर्वेकडे हात केला. खोऱ्यात राहायचं म्हणजे हे आलंच. नदी आपलं जुनं काम करत होती, फक्त आता तिच्या कामाच्या जागी आपल्या गाड्या उभ्या असतात.

आमच्या गावची माती मात्र इकडे येत नाही. पावसाळ्यात पठारावरचे ओढे चहासारखे लाल होऊन मुळेला मिळतात. मुळा प्रवरेला, प्रवरा गोदावरीला. म्हणजे बोटा दख्खनच्या पठारावर आहे आणि त्याच वेळी गोदावरीच्या खोऱ्यातही आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. नदीचं खोरं म्हणजे पाणी कुठून कुठे जातं याची हद्द. ते पठाराच्या पाठीवरही असतं. गाळाचं खोरं म्हणजे माल जिथे कायमचा मुक्काम करतो ती जागा. ती नदीच्या शेवटी असते. गोदावरीच्या बाबतीत ती आंध्रच्या किनाऱ्यावर आहे, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, आणि तिथेही तेल-वायूच्या रिगा उभ्या आहेत. माझा एक जुना सहकारी राजमुंद्रीला होता. मी त्याला फोनवर म्हणायचो, सांभाळ रे, आमच्या बांधावरची माती आहे ती. अर्थात आता सगळी पोचत नाही. मुळा धरण आणि जायकवाडी वाटेतच बरीच अडवतात. धरणातला गाळ ही आपल्याला अडचण वाटते. पठाराच्या दृष्टीनं ते नेहमीचं जाणं, फक्त वाटेत थांबलेलं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली जागा भरुच जिल्ह्यात झगडियाजवळ आहे. तिथे रतनपूर नावाच्या गावाच्या परिसरात अकीकाच्या खाणी आहेत. खाणी म्हणजे माणूस उतरेल एवढे खड्डे. अकीक तयार होतो पाषाणात: लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, नंतर त्या पोकळ्यांत सिलिका थराथरानं भरत जाते. आमच्या माळावर पोरं ठिणगी पाडायला ज्या गारगोट्या गोळा करायची त्या याच घराण्यातल्या. पण रतनपूरचा अकीक पाषाणात मिळत नाही. पाषाण झिजला, त्याची माती झाली, ती कधीच वाहून गेली; अकीक टणक म्हणून उरला, नद्यांनी तो लोळवत आणला आणि खोऱ्याच्या काठावर गोट्यांच्या थरात सोडला. तिथून तो माणसं खणून काढतात, आणि तो खंभातला जातो. खंभातचे कारागीर त्याला भाजतात; आतलं लोह तापून रंग तांबडा होतो. मग तोडणं, घासणं, भोक पाडणं. जवळच लोथलला हडप्पा काळातल्या मणी बनवणाऱ्यांची जागा उत्खननात सापडली आहे, म्हणजे हा धंदा चार हजार वर्षांहून जुना. माझ्या बायकोनं खंभातला एक माळ घेतली होती. दुकानदार म्हणाला, “खंभातनो असली पथ्थर.” मी काही बोललो नाही. पठारावर जन्मलेला, खोऱ्यात येऊन राहिलेला आणि इथलाच म्हणवला जाणारा तो एकटाच नाही. बडोद्यात दांडिया बाजारात आणि वाडीत अशी घरं पुष्कळ आहेत.

एवढं सगळं झाल्यावर वाटतं की हिशेब नीट लागला: पठारानं द्यायचं, खोऱ्यानं घ्यायचं. महीच्या काठी गेलं की तो बिघडतो. बडोद्याच्या उत्तर-पश्चिमेला रायका नावाचं गाव आहे. तिथे महीनं स्वतःच आणलेला गाळ स्वतःच खोल कापला आहे. तीस-चाळीस मीटर उंच मातीचे कडे, आणि मागे घळींचं जाळं. इथे त्याला कोतर म्हणतात. कड्यात वाळू, गोटे, तांबूस माती यांचे थर ओळीनं दिसतात, अगदी सह्याद्रीत लाव्हाचे दिसतात तसे, आणि बडोद्याच्या विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञांनी ते वर्षानुवर्षं अभ्यासले आहेत. अलीकडच्या काळात, म्हणजे आमच्या मोजणीतल्या अलीकडच्या, हा भाग थोडा उचलला गेला आणि समुद्राची पातळीही वरखाली झाली. नदीला पुन्हा उतार मिळाला, तिनं कापायला सुरुवात केली. म्हणजे खोऱ्याचा हा तुकडा आता पठारासारखा वागतोय: त्याची माती निघून खंभातच्या आखातात चालली आहे. आखातात आज जो चिखल साचतो आहे, त्यातला काही रायक्याचा आहे.

त्यामुळे पठार आणि खोरं हे जमिनीचे कायमचे प्रकार आहेत असं मी आता शिकवत नाही. एका काळात ती जमीन काय करते आहे, एवढंच ते सांगतात. संगमनेरचं पठार ज्या वेळी लाव्हानं भरत होतं त्या वेळी तेही घेणारंच होतं. पादऱ्याची शेतं पुढे कधी उचलली गेली तर तीही द्यायला लागतील.

नवीन मुलांना म्हणूनच मी पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकापुढे बसवत नाही. आधी पावागढ, मग रायका, मग रिग. पुस्तकातल्या व्याख्या त्यांना पाठ असतात, त्या मी विचारत नाही. शेकरवरचं पहिलं कटिंग त्यांच्या हातात देतो आणि गप्प राहतो. बहुतेक जण खडकाचं नाव सांगतात, आणि ते बरोबरही असतं. एखादा मुलगा मात्र तुकडा बोटांत फिरवतो, त्याची कड बघतो आणि विचारतो, “सर, हा इथलाच, का कुठून आलेला?” त्या मुलाला मी रात्रपाळी एकट्यानं सांभाळायला देतो.